जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू आणि त्याची एकमेव वेल

क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग हे फुलपाखरू फक्त पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतात, पोपोंडेटा परिसरातल्या वर्षावनात आणि मानागालास पठारावर आढळतं. मादीचा पंखविस्तार २५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, तर नुसतं शरीरच ८ सेंटिमीटरचं असतं. मादी तपकिरी असते. नर आकाराने लहान, पण त्याच्या पंखांवर निळी-हिरवी झळाळी आणि पोट पिवळंधमक. ही फुलपाखरं झाडांच्या शेंड्यांवर उडतात. त्यामुळेच १९०६ साली आल्बर्ट मीक या संग्राहकाने पहिली मादी मिळवली ती चक्क बंदुकीने पाडून.

मादी अंडी घालते ती ईश्वरी या वेलीच्या कुळातल्या एका विषारी वेलीवर. अळी बाहेर पडताच आधी अंड्याचं कवच खाते, मग कोवळी पानं. पानांतलं विष तिच्या अंगात साठतं आणि पक्ष्यांना ती नकोशी होते. काळ्या अंगावरचे लाल काटे आणि मधोमध असलेला फिकट पिवळसर पट्टा हा त्याचाच इशारा. मुंग्या मात्र अंडी सोडत नाहीत आणि सरडे अळ्यांनाही खातात.

वाढ पूर्ण होत आली की अळी वेलीच्या खोडाची साल गोलाकार कुरतडते. साल तुटल्यामुळे वरचा भाग वाळतो. मोठी, जुनी वेल खालून पुन्हा फुटते. कोवळी वेल एवढा घाव सोसत नाही. त्यानंतर अळी रेशमाच्या पट्ट्याने स्वतःला बांधून कोश करते आणि महिन्याहून अधिक काळ त्यातच राहते. फुलपाखरू बाहेर येतं ते पहाटे, हवा दमट असताना. एवढे मोठे पंख पूर्ण ताणले जायला वेळ लागतो. हवा कोरडी असेल तर ते अर्धवट उघडलेलेच वाळतात आणि उडणं कायमचं हुकतं.

१९५१ साली माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखीच्या उद्रेकात सुमारे २५० चौरस किलोमीटर अधिवास नष्ट झाला. पुढे तेलताडाच्या लागवडीने आणि लाकूडतोडीने उरलेल्या जंगलाचे तुकडे केले. ताडाच्या मळ्यात ही वेल टिकत नाही, कारण तिला चढायला उंच झाडं लागतात.

वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात नाव असल्याने या फुलपाखराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. चोरटी विक्री रोखायला ती हवीच, पण बंदीने एकही वेल वाचत नाही. तिथली बहुतेक जमीन स्थानिक घराण्यांच्या परंपरागत मालकीची आहे आणि जंगल ठेवायचं की ताड लावायचा, हे तीच ठरवतात. त्याच देशात इतर बर्डविंग फुलपाखरांसाठी गावकरी वेली लावतात, काही कोश परवान्याने विकतात आणि बाकीची फुलपाखरं रानात जाऊ देतात. अलेक्झांड्राच्या बाबतीत ही वाट बंद असल्याने जंगल राखणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. आमच्या मते, त्याला मोबदला मिळण्याची दुसरी सोय बंदीबरोबरच व्हायला हवी.

वेली लावायच्या तर उरलेल्या जंगलाला लागून, उभ्या मोठ्या झाडांच्या बुंध्याशी लावाव्यात, म्हणजे मादीला त्या सापडतील. एकेक वेल दूर लावून उपयोग नाही. भुकेल्या अळ्या ती बघता बघता ओरबाडून टाकतात. एका जागी अनेक वेली हव्यात आणि त्या झाडावर चढून भरपूर पानं येईपर्यंत काही वर्षं थांबावं लागतं.