‘आमचा बाळ आपला आपण यूट्यूब लावतो!’
चतुर्थीला गोव्यात फोंड्याच्या घरी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) सगळे जमले की एखादी मावशी कौतुकानं सांगतेच, "अडीच वर्षांचा आहे, पण मोबाईल सगळा येतो. आजकालची पोरं जन्मतःच हुशार!"

समज जुना आहे. अमेरिकेतले लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये तेव्हाच्या विद्यार्थ्यांना ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेले म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

खरी हुशारी ॲप बनवणाऱ्यांची. बोट लावलं की चित्र हलतं, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. चुकायला जागाच ठेवलेली नाही! जाहिरात वगळायचं बटण दाबणाऱ्या पोराला ती जाहिरात आहे हे कळलेलं असतंच असं नाही; ते शेजारी बसून सांगावं लागतं. दोन वर्षांखालचं मूल तर पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकतं. चिबडाचं फळ हातात देऊन ‘चिबूड’ म्हणा, बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना: दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १ तास. आजीशी व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. तिथं पलीकडून उत्तर येतं.