मेलेल्या उंदराचा वास: सुरणाचं फूल की शेवळं?

मुलांनो, पावसाच्या तोंडावर सोसायटीच्या बागेत मेलेल्या उंदराचा वास सुटला, तर आधी जमिनीलगत बघा. आसपास पान नाही, पण मातीतून झालरीच्या कडांचं जांभळट काहीतरी वर आलंय? ते सुरणाचं फूल. याच सुमाराला दादरच्या बाजारात शेवळं या रानभाजीच्या जुड्या येतात. शेवळं सुरणाची सख्खी भावंडं. दोघांचंही फूल आधी येतं, पान नंतर, म्हणून गल्लत होते.

ओळखायचं मधल्या दांड्यावरून. सुरणात तो वरच्या टोकाला फुगतो, सुरकुतलेला, गडद लालसर-तपकिरी गोळा होतो. देठ आखूड असल्यामुळे फूल जमिनीवरच बसलेलं दिसतं. शेवळाचा देठ लांब, दांडा निमुळता आणि गुळगुळीत.

आता तो घाण वास. सुरणाचा गोळा उमलताना चक्क गरम होतो आणि त्या उष्णतेनं गंधकाची संयुगं हवेत पसरतात. कुजकं मांस शोधणारे भुंगे फसून आत शिरतात. दांड्याच्या तळाशी मादी फुलं असतात, ती आधी तयार होतात. त्यांच्या वरची नर फुलं नंतर पराग सोडतात, म्हणजे स्वतःचे पराग स्वतःलाच लागत नाहीत. पराग अंगावर घेऊन भुंगे दुसऱ्या फुलाकडे जातात. खायला त्यांना काहीच मिळत नाही! वासाचा जोर दोनेक दिवसांत ओसरतो. तेवढ्यासाठी मोठ्यांना फूल छाटू देऊ नका. उमललेल्या शेवळांनाही दुर्गंध येतो, पण बाजारात येतात त्या मिटलेल्या कळ्या.

खाज मात्र दोघांतही आहे. पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात. कच्चा तुकडा चावला की त्या जिभेत, घशात घुसतात. प्राणी पुन्हा तोंड लावत नाही. तुम्हीही चाखून बघू नका, ओठ सुजतात.

नुसतं शिजवून ही खाज पूर्ण जाईलच असं नाही, सोबत काहीतरी आंबट घालावं लागतं. म्हणून शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळं विकतात. हाताला तेल लावून बाहेरचं आवरण सोलायचं, दांड्यावरचा पिवळा भाग पूर्ण काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि ठेचलेल्या काकडांच्या रसात शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच. तरीही घसा खवखवला, तर बहुतेक वेळा पिवळा भाग थोडा राहिलेला असतो किंवा आंबट कमी पडलेलं असतं.