विमानविरोधी तोफमारा नियंत्रण

उडत्या विमानावर तोफेचा नेम धरण्यासाठी लागणारी निरीक्षणाची व गणिताची यंत्रसामग्री. विमान आत्ता कुठे आहे हे डोळ्यांना दिसते; पण गोलंदाजाला हवे असते ते गोळा वर पोहोचेल त्या क्षणीचे ठिकाण. ताशी ४०० किमी. वेगाचे विमान १५ सेकंदांत १,६०० मीटरहून अधिक पुढे जाते, आणि उंचावर पोहोचायला गोळ्याला तेवढा वेळ सहज लागतो. शिवाय गोळा नेमका कधी फुटावा हे ठरवणारा फ्यूज (गोळा फोडणारी कळ) तोफ डागण्याआधीच लावावा लागे.

पहिल्या महायुद्धात हे काम गोळ्याच्या मार्गाचे व वेळेचे छापील तक्ते, अंतरमापक दुर्बीण आणि अंदाज यांवर चाले. नेम लागण्याची खात्री नसल्याने विमानाच्या वाटेवर गोळ्यांची भिंत उभी करण्यावर भर असे. १९२० नंतर ब्रिटनमध्ये व्हिकर्स आणि अमेरिकेत स्पेरी या कंपन्यांनी यांत्रिक गणकयंत्रे बनवली. ब्रिटिश त्यांना प्रेडिक्टर म्हणत, अमेरिकन डायरेक्टर. तोफेचे तक्ते त्यांत कॅमवर, म्हणजे उंचसखल पृष्ठभागाच्या धातूच्या फिरत्या भागांवर, कोरलेले असत. मात्र ही यंत्रे आपली आपण चालत नसत. भोवती बसलेली माणसे दुर्बिणीतून लक्ष्य धरून ठेवत आणि एका काट्यावर दुसरा काटा जुळवत चाके फिरवत. खरे तर तीही यंत्राचेच भाग होती.

१९४० मध्ये लंडनवर रात्री बाँबहल्ले सुरू झाले, तेव्हा ही व्यवस्था उघडी पडली. अंधारात दुर्बीण निरुपयोगी, आणि सुरुवातीच्या रडारवरून अंतर व दिशा कळे, उंची मात्र नाही. सप्टेंबरमध्ये एक विमान पाडायला सुमारे २०,००० गोळे लागत. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या वैज्ञानिक गटाने रडार आणि प्रेडिक्टर यांची सांगड घातली, रडारला उंचीचा कोन मोजणारी जोड मिळाली, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी हा आकडा सुमारे ४,००० वर आला. किनाऱ्यावरच्या तोफा फार अचूक वाटतात, याचे कारणही या गटाने शोधले: समुद्रात ‘पाडलेली’ विमाने मोजायला कोणी जातच नव्हते.

पुढचे वळण टेलिफोनच्या प्रयोगशाळेतून आले. बेल लॅबचे डेव्हिड पार्किन्सन १९४० मध्ये विद्युतदाब कागदावर नोंदवणाऱ्या उपकरणावर काम करत होते. त्यातला पोटेन्शिओमीटर (विद्युतदाब कमीजास्त करणारा भाग) पेन हलवत असे. तोच भाग तोफेवर बसवलेला त्यांना स्वप्नात दिसला. पेन हलतो तर तोफ का नाही? या कल्पनेतून एम-९ हा विद्युत डायरेक्टर तयार झाला. कॅमची जागा विद्युतदाबांनी घेतली.

एम-९, आपोआप लक्ष्याचा माग धरणारे एससीआर-५८४ रडार आणि विमानाजवळ येताच फुटणारा प्रॉक्सिमिटी फ्यूज ही तिन्ही साधने १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर एकत्र आली. समोर जर्मनीचे व्ही-१ उडते बाँब होते. सरळ रेषेत, एकाच वेगाने, जवळजवळ एकाच उंचीवरून ते येत. ऑगस्टअखेर त्यांतले बहुसंख्य वाटेतच पडू लागले. यश मोठे होते, पण लक्ष्यही यंत्राच्या सोयीचे होते, हे विसरता येत नाही. लक्ष्य सरळच जाईल, हे गृहीतक जवळपास सर्व प्रेडिक्टरांच्या मुळाशी होते.

वैमानिक वळणे घेतो तेव्हा काय करावे, यावर गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी ज्युलियन बिगेलो यांच्यासह संख्याशास्त्रीय रीत मांडली. त्यांचे यंत्र रणांगणावर कधी पोहोचले नाही. मात्र तोफ, रडार आणि वैमानिक यांना एकाच प्रत्याभरण-चक्रात (फीडबॅक, म्हणजे परिणाम पाहून पुढची कृती सुधारत राहणे) पाहण्याची ती दृष्टी १९४८ मध्ये वीनर यांनी सायबरनेटिक्स या नावाने मांडली.