कमिट न केलेलं काम उडालं? आधी हे वाचा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, आणि कमिट म्हणजे त्यातली पक्की नोंद. ‘गिट रिसेट --हार्ड’ (कमिट न केलेले बदल पुसणारी कमांड) मारलं किंवा एडिटरमध्ये ‘डिस्कार्ड ऑल’वर क्लिक झालं, तर एडिटर बंद करू नका. फाइलचा टॅब उघडा असेल तर कंट्रोल-झेड दाबून पाहा. बरेचदा तिथेच काम भागतं.

नाही भागलं, तर लपलेल्या डॉट-गिट फोल्डरसकट अख्खा प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि पुढची खटपट त्या कॉपीवरच करा. लिनक्सवर ‘सीपी -ए’ वापरा, नाहीतर फाइलींच्या तारखा बदलतात आणि त्या पुढे लागतात. ‘गिट जीसी’ (गिटची साफसफाई करणारी कमांड) कुणीही सुचवलं तरी चालवायचं नाही.

दुरुस्तीसाठी मशीन आमच्याकडे आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती फाइल कधी ‘गिट अ‍ॅड’ केली होती का (म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडली होती का)? केली असेल तर कमिट नसलं तरी त्या क्षणाची प्रत डॉट-गिटच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये पडून असते. बदल करून तीनदा अ‍ॅड केलं असेल, तर तीन प्रती. ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ चालवा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत). बेवारस प्रती डॉट-गिटमधल्या लॉस्ट-फाउंड/अदर फोल्डरमध्ये उतरतात. मात्र फाइलचं नाव त्यांच्यासोबत येत नाही, नुसता ४० अक्षरी हॅश (मजकुरावरून बनलेली ओळख-खूण) दिसतो. म्हणून तुमच्या कोडमधलं एखादं खास फंक्शनचं नाव घेऊन ‘ग्रेप -आरएल’ने शोधा. इथल्या तारखेवर जाऊ नका, ती आत्ताचीच असते. खरी वेळ ऑब्जेक्ट्समधल्या मूळ फाइलवर मिळते: हॅशची पहिली २ अक्षरं फोल्डरचं नाव, उरलेली ३८ फाइलचं. अशा प्रती जीसी साधारण २ आठवड्यांनंतर साफ करतं, तेव्हा उशीर नको.

चुकून ‘स्टॅश ड्रॉप’ (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल टाकून देणं) झालं असेल तर टर्मिनलवर वर सरकून बघा. ड्रॉप करताना हॅश छापलेला असतो. ‘गिट स्टॅश अप्लाय’पुढे तोच द्या, झालं.

अ‍ॅडच केलं नव्हतं? मग गिटकडे काहीच नाही. व्हीएस कोड एडिटरमध्ये फाइल उघडून टाइमलाइन पाहा. मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून तो प्रत्येक सेव्हची प्रत वेगळी ठेवतो. इंटेलिजे, पायचार्म या एडिटरांमध्ये ‘लोकल हिस्ट्री’ असते. ‘गिट क्लीन -एफडी’ने (गिटमध्ये नोंद नसलेल्या फाइली पुसणारी कमांड) उडालेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत, आणि एसएसडीवर ट्रिम (पुसलेली जागा आतून मोकळी करणारी सोय) चालू असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊनही फारशी आशा नसते.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक तक्रार येते. काम चालू असताना लाइन जाते आणि नंतर गिट ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ म्हणतं. घाबरून फोल्डर डिलीट करू नका. बिघडलेली असते ती डॉट-गिटमधली नोंद, तुमच्या चालू फाइली बहुधा शाबूत असतात. सर्व्हरवरून शेजारी नवा क्लोन (प्रोजेक्टची पूर्ण प्रत) घ्या, तीच ब्रँच (कामाची शाखा) निवडा, जुन्या फोल्डरमधून डॉट-गिट वगळून बाकी फाइली त्यावर टाका आणि काय बदललंय ते ‘गिट डिफ’ने पाहा.

आमच्याकडे मशीन आणताना शेवटची कमांड कोणती मारली ते लिहून आणा.