काडीमोड, हुकूमनामा आणि व्हिसाचा अर्ज

परदेशातल्या जोडीदाराकडे जाण्यासाठी व्हिसा मागितला की अर्जात एक प्रश्न येतोच. याआधी लग्न झालं होतं का, आणि झालं असेल तर ते केव्हा, कुठे आणि कसं संपलं? समजा, सोलापूरच्या पूर्व भागातली तिशीची एक बाई हा अर्ज भरायला बसली आहे. पहिलं लग्न विशीत झालं आणि दीड वर्षात मोडलं. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, देणंघेणं मिटवलं, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सोडपत्र झालं, त्यावर नोटरीचा शिक्काही पडला. गल्लीच्या आणि भावकीच्या लेखी ती तेव्हाच मोकळी झाली. पुढे पुण्यात नोकरीला असताना ज्याच्यावर जीव जडला, तो आता इंग्लंडला आहे. अर्जासाठी तिच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत. न्यायालयाचा हुकूमनामा तेवढा नाही.

तिला वाटतं, आपलंच नशीब खोटं. पण तिचा अर्ज जिथे अडला, तिथे दोन जुने इतिहास एकमेकांना भिडतात. एक आपला: लग्न मोडायचा अधिकार कुणाचा? दुसरा तिकडचा: लग्न करून येणाऱ्या माणसाकडे संशयानं बघणं कधी सुरू झालं?

आपल्याकडे हिंदूंमध्ये घटस्फोट नव्हताच, तो १९५५ च्या कायद्यानं आला, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ब्राह्मण आणि त्यांची रीत पाळणाऱ्या जाती सोडल्या तर महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत काडीमोड होती, फारकत होती, आणि सुटलेल्या बाईचा पुन्हा पाट लागत होता. पंचांसमोर काडी मोडली की नातं तुटलं. त्यात बाईवर अन्याय होत नव्हता असं मी म्हणणार नाही. पंच पुरुषच असत. पण वाट होती.

इंग्रजांची न्यायालयं आल्यावर ती वाट अरुंद झाली. १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसरं लग्न करायची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. म्हणजे जातीनं मोकळं केलेली बाई दुसऱ्या घरात नांदत असेल, तर सरकारदरबारी ती पहिल्याचीच बायको. समाजाच्या लेखी सुटलेली आणि कायद्याच्या लेखी बांधलेली, हा घोळ परदेशी व्हिसानं आणलेला नाही. तो दीडशे वर्षांचा आहे.

न्यायालयातून घटस्फोट घ्यायची सोय मात्र सोलापूरकरांना देशातल्या बहुतेकांच्या आधी मिळाली, हे इथे फार थोड्यांना माहीत असतं. सोलापूर मुंबई प्रांतात होतं, आणि मुंबई विधिमंडळानं १९४७ मध्येच हिंदू घटस्फोट कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी पहिलं लग्न कायम असताना दुसरं करण्यावर बंदी आणली होती. पण पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि अक्कलकोट १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं. सोलापूरच्या मुलीचं सासर तुळजापूरला असेल, तर नाक्यापलीकडे गेल्यावर तिच्या लग्नाचा कायदा बदलत होता. सीमा ओलांडली की आपण कुणाचे कोण हे बदलतं, हे कळायला या जिल्ह्याला विमानात बसावं लागलं नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं साऱ्या देशासाठी एक चौकट आणली, पण कलम २९ च्या पोटकलमात रूढीनं होणारा घटस्फोट शाबूत ठेवला. आज नोटरीकडे होणाऱ्या सोडपत्रांना जो काही आधार आहे तो एवढाच. तोही आपोआप मिळत नाही. आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार आहे, हे न्यायालयात मांडून सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या यमनाजी जाधव प्रकरणात हे पुन्हा बजावलं. परस्परसंमतीचा घटस्फोट तर १९७६ च्या दुरुस्तीनं आला: वर्षभर वेगळं राहायचं, अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं. त्या सहा महिन्यांत सूट देता येते असा निकाल २०१७ मध्ये झाला. नातं पार विटलंय, एवढं कारण अजूनही या कायद्यात नाही. विधी आयोगानं १९७८ मध्ये ते सुचवलं होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्या खास अधिकारात त्या कारणावर घटस्फोट देता येतो असं म्हटलं, पण तो अधिकार फक्त त्याच न्यायालयाचा. जिल्हा न्यायालयात तो मागता येत नाही.

आता दुसरा इतिहास.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४१ मध्ये तिथल्या परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी डॉक्टर वारले. आपण लहानपणापासून ही हकिकत ऐकतो. तिच्यात व्हिसा, बँकेचं स्टेटमेंट, एकत्र राहिल्याचा पुरावा असलं काही येत नाही. युद्ध आड येतं, आजार आड येतो. खिडकीपलीकडचा अधिकारी येत नाही.

तो अधिकारी आला कामगारांच्या मागून. ब्रिटननं १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या लोकांवर पहिल्यांदा बंधनं घातली. कामासाठी येणं अवघड झालं तसं कुटुंबाच्या नात्यानं येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि मग प्रत्येक लग्नाआड कामगार दडलाय का, हे शोधणं सुरू झालं. १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी करण्यात आली. ती तिच्या वाग्दत्त वराशी लग्न करायला आली होती. वाग्दत्त वधूला तेव्हा आधी व्हिसा काढावा लागत नसे, बायकोला लागे. ती खोटं बोलतेय का हे तिच्या शरीरावरून ठरवायला निघाले होते. बातमी फुटली, दोन्ही देशांत संताप झाला, आणि तो प्रकार बंद करावा लागला. हे लिहिताना आजही हात थांबतो.

ऐंशीच्या दशकात ब्रिटननं ‘मूळ हेतू’चा नियम कडक केला. लग्न खरं आहे एवढं दाखवून भागत नसे. ब्रिटनमध्ये येणं हा लग्नाचा मुख्य हेतू नव्हता, हेही सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट कशी सिद्ध करणार? भारतीय उपखंडातले असंख्य नवरे या एका प्रश्नावर नाकारले गेले. १९९७ मध्ये तो नियम गेला. पण त्याची जागा मुदतीनं आणि पैशानं घेतली. कायमच्या वास्तव्याआधीची परीक्षेची वर्षं एकावरून २००३ मध्ये दोन झाली आणि २०१२ मध्ये पाच. तिकडच्या जोडीदाराला किमान वार्षिक उत्पन्नाची अट लागली ती २०१२ मध्ये १८,६०० पौंडांची; एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड आहे.

अमेरिकेची वाट निराळी, पण गेली त्याच ठिकाणी. १९६५ च्या कायद्यानं तिथे आशियाई लोकांना दार खरं उघडलं आणि नागरिकांच्या नवरा-बायकोला कोट्याबाहेर ठेवलं. वीस वर्षांनी बनावट लग्नांची ओरड झाली. अशी लग्नं तीस टक्के असावीत, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी संसदेला सांगितलं. ज्या पाहणीवर हा आकडा उभा होता ती शास्त्रीय निकषावर टिकणारी नव्हती, हे नंतर मान्य झालं. तोवर १९८६ चा कायदा होऊन गेला होता: लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, आणि शर्त काढायला नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा. लग्न मधेच मोडलं तर सवलत होती, पण बाहेरून आलेल्या जोडीदारानं स्वतः, सबळ कारणावरून लग्न मोडलं असेल तरच. मार खाणारीनंच दावा लावायचा! १९९० मध्ये ती अट काढली. १९९४ च्या कायद्यानं नागरिकाच्या आणि ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावावर अर्ज करता येऊ लागला.

आपल्याकडून आयटीतल्या नवऱ्यामागे एच-४ वर गेलेल्या मुली या सवलतीत बसल्या नाहीत, कारण त्यांचा नवरा यांपैकी कुणीच नाही. एच-४ म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला व्हिसा. २०१५ पर्यंत त्यावर कामच करता येत नसे; आता येतं, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलेलं असेल तर. घटस्फोट झाला की तिथे राहण्याचा तो आधार संपतो. नवरा कसाही असो, सोडायच्या आधी स्वतःचा दुसरा व्हिसा शोधावा लागतो. जर्मनीत लग्नाचा संसार तिथे तीन वर्षं झाल्यावर जोडीदाराला स्वतंत्र हक्क मिळतो. २०११ पर्यंत दोन पुरत. कॅनडानं २०१२ मध्ये दोन वर्षांची शर्त आणली आणि २०१७ मध्ये काढून टाकली. छळ सोसणारी माणसं त्या शर्तीपायी गप्प बसतात, हे तिथल्या सरकारनं मानलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय तो.

पुराव्यांचंही सांगायला हवं. एकत्र भाड्याचा करार, दोघांच्या नावचं बँक खातं, दोघांच्या नावची बिलं, दोघांच्या सहली. ऑस्ट्रेलियात लग्नाशिवाय जोडीदार म्हणून अर्ज करायचा तर साधारण बारा महिन्यांचं नातं दाखवावं लागतं. ही यादी नवऱ्या-बायकोचं वेगळं बिऱ्हाड धरून केलेली आहे. नवी पेठेतल्या एकत्र घरात वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, गॅस सासूच्या नावावर, आणि लग्नाआधी चार वर्षं जे चाललं ते घरी कळू नये म्हणून मेसेज रोज पुसलेले. प्रेम खरं, पण लपवलेलं. जे जपून लपवलं तेच आता कागदावर मांडायचं असतं.

दोन्ही इतिहासांची गाठ सगळ्यात घट्ट बसते ती परदेशी घटस्फोटात. तिरुपतीला १९७५ मध्ये लग्न झालेल्या एका नवऱ्यानं अमेरिकेतल्या मिसुरीच्या न्यायालयातून घटस्फोट आणला आणि दुसरं लग्न केलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या प्रकरणात तो घटस्फोट मानायला नकार दिला. ज्या कायद्यानं लग्न झालं त्यात बसणारं कारण हवं, आणि दुसरी बाजू मनापासून त्या न्यायालयात हजर झालेली किंवा राजी असलेली हवी. सोलापुरात बसलेल्या बायकोला परदेशातून नोटीस यावी, तिला जाणं परवडू नये आणि निकाल एकतर्फी लागावा, हे या निकालानं रोखलं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियात वर्षभर वेगळं राहिलं की दोष न दाखवता घटस्फोट मिळतो. एकट्यानं मागून मिळालेला तसला हुकूमनामा इथे बहुधा टिकत नाही. माणूस तिथे सुटलेला, इथे बांधलेला. त्यानं सोलापुरात येऊन दुसरं लग्न केलं तर गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा.

यावर सर्वंकष कायदा हवा, असं विधी आयोगानं २००९ मध्ये सुचवलं आणि २०२४ मध्ये पुन्हा. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. आणि आपणही तेच करतो, हेही नोंदवायला हवं: भारतीयाशी लग्न करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड, मिळवलेल्या परदेशी जोडीदाराचं कार्ड लग्न मोडलं की रद्द होऊ शकतं.

पूर्व भागातल्या त्या बाईला दोन वाटा आहेत. पहिला नवरा तयार असेल तर संमतीचा अर्ज. नसेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावून, आपल्या समाजात काडीमोडीची रूढी आहे आणि ती रीतसर झाली, असं जाहीर करून घ्यायचं. त्यासाठी त्या बैठकीला हजर असलेल्यांच्या साक्षी लागतील. तेव्हा पंच म्हणून बसलेले आता सत्तरीपुढचे आहेत. त्यांतले कोण कोण हयात आहेत, याची चौकशी तिच्या भावानं सुरू केली आहे.