तोट्यातला शेअर हातातून सुटत का नाही?

आंब्याचे पैसे मे संपता संपता हातात येतात आणि देवगड-रत्नागिरीकडे हल्ली बरीच पोरं त्यातले थोडे डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या खात्यात टाकतात, मग जूनमध्ये बाहेर धो धो पाऊस नि हातात मोबाईल, दुसरा उद्योग काय. हेच पोरगं पेटी भरताना डागी आंबा दिसला की लगेच बाजूला काढतं, कारण एक कुजला की शेजारच्यालाही लागतं. पण 400 ला घेतलेला शेअर 340 वर आला तर विचारून बघा, उत्तर ठरलेलं: "मुद्दल इलां की इकतंय," म्हणजे घातलेले पैसे परत आले की विकतो.

हा आळस नाही बरं का, डोक्याची घडणच तशी आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की नफा-तोटा आपण कुठल्यातरी एका आकड्यापासून मोजतो, शेअरमध्ये तो आकडा बहुतेक वेळा खरेदीचा भाव, आणि त्याच्या खाली गेलं की दुखतं जास्त. किती जास्त, तर 1992 च्या त्यांच्या पेपरात सव्वादोन पट निघालं. वर गंमत अशी की नफ्यात माणूस भित्रा होतो आणि तोट्यात तोच जुगारी. म्हणून वाढलेला शेअर चार पैसे सुटले की विकून मोकळा, पडलेला मात्र वर्षानुवर्षं सांभाळतोय. टेरन्स ओडीन या संशोधकाने 1998 मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली तर तिथेही हेच, आणि लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढे सरासरीने जास्त वाढले, धरून ठेवलेले तोट्यातले कमी. त्यात 'एव्हरेज करतो' म्हणून पडत्या भावात अजून घेणं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

बरं, शेअर कुठला घ्यावा यावर तासन् तास गप्पा होतात, किती घ्यावा यावर कोणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. समजा तुमचे सौदे निम्मे बरोबर निम्मे चूक, तरी 100 सौद्यांत कुठेतरी सलग पाच तोटे यायची शक्यता 80 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ते येणारच धरून चाला. दर सौद्याला उरलेल्या भांडवलाचे 20 टक्के घालवले तर पाचव्यानंतर लाखाचे उरतात 32,768 आणि परत लाखावर यायला 200 टक्क्यांहून जास्त कमवावं लागतं; 1 टक्काच घालवला तर 95 हजार शिल्लक. हिशोब सोपा आहे, भांडवल 2 लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त 2,000 गेले तर चालतील, शेअर 400 चा, स्टॉपलॉस (इथवर पडला की विकून बाहेर पडायचं तो भाव) 380, म्हणजे शेअरमागे तोटा 20 रुपये, तर घ्यायचे 100, एकही जास्त नाही.

आणि तो स्टॉपलॉस मनात नको, ऑर्डर टाकून ठेवा. मनातला 380 भाव आला की आपोआप 370 होतो, शिवाय आपल्याकडे वारा सुटला की आधी लाईट जाते मग रेंज. अर्थात बाजार सकाळी सव्वानऊला थेट 360 वर उघडला तर ऑर्डरही 380 ला सुटत नाही, म्हणून आधीच क्वांटिटी कमी.

ऑप्शनवाल्यांचं, म्हणजे शेअरऐवजी त्याच्या पुढच्या भावावरचे करार घेणाऱ्यांचं काय? शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये सांगितलं की तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 1 कोटीपेक्षा जास्त लोकांपैकी 93 टक्के तोट्यात, माणशी सरासरी 2 लाख. तिथे लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा गठ्ठा, ठरलेला असतो, अर्धा मिळत नाही, त्यामुळे छोट्या भांडवलाला वरचा हिशोब लावला की बऱ्याचदा क्वांटिटी शून्य येते. तेव्हा शून्यच घ्यायचं.