शेड तीच, पण भिंत गुलाबी

चवथ तोंडावर आलेली, पाऊस जरा उघडला तेव्हा कुठे फोंड्याच्या आमच्या घराला रंग काढायला घेतला, आणि दुसरा हात मारून झाल्यावर बाबा अंगणात उभे राहून म्हणतात, हा राखाडी कसला, गुलाबी झालाय, दुकानवाल्याने फसवलं. मी शेड कार्ड नेऊन भिंतीला टेकवून धरलं. सेम टू सेम! फरक एवढाच की कार्ड आम्ही दुकानात पांढऱ्या काउंटरवर ठेवून बघितलेलं, आणि घराच्या चारी बाजूंनी कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची हिरवीगार बाग, वर खिडक्यांच्या पट्ट्याही हिरव्याच.

साधारण 200 वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये असंच झालेलं. गोबलँ म्हणून चित्रांचे पडदे विणायचा सरकारी कारखाना होता, तिथे 1824 मध्ये मिशेल शेव्रल हा केमिस्ट रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तक्रार अशी की काळी लोकर फिकी पडते. त्याने दुसरीकडची काळी लोकर मागवून ताडून बघितली तर यांचीही तेवढीच काळी, खोट रंगात नव्हतीच, काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे विणले की काळा उतरलेला दिसायचा. यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड पुस्तक काढलं (आणि वयाच्या 102 वर्षांपर्यंत जगला, ते वेगळंच).

होतं काय, की आपला डोळा रंग मोजत नाही, शेजारच्याशी तुलना करतो. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशींकडून आलेले सिग्नल मेंदूकडे जाताना लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा असे एकमेकांतून वजा होत जातात, आणि आजूबाजूला हिरवं जास्त असलं तर मधल्या राखाडीतून थोडा हिरवा कापला जातो, उरतो तो गुलाबीकडे झुकलेला. गंमत म्हणजे पानांवरून परतलेला उजेड भिंतीवर पडतो तो हिरवट, मीटर लावला तर भिंत हिरवटच निघेल कदाचित, आणि बाबांना दिसते गुलाबी!

हीच तुलना एरवी आपल्या कामाचीच आहे. पिवळ्या बल्बखाली पांढरा शर्ट पांढराच दिसतो कारण मेंदू उजेडाचा रंग अंदाजाने वजा करतो. अंदाज चुकला की भांडणं. 2015 मध्ये इंटरनेटवर गाजलेला फोटोतला तो ड्रेस आठवतो ना, कोणाला निळा-काळा, कोणाला पांढरा-सोनेरी? होता निळा-काळाच.

बाबांना समजावायला मी एका राखाडी पुठ्ठ्याला दोन भोकं पाडली, एकातून भिंत, दुसऱ्यातून कार्ड. आजूबाजूचं हिरवं झाकलं गेलं आणि दोन्ही एकच. बाबा काही बोलले नाहीत, पण पुठ्ठा ठेवून घेतला.

संध्याकाळी ते पुठ्ठा घेऊन कुंपणाच्या जास्वंदीपाशी उभे, म्हणे लाल फूल काळं का पडलं आणि शेजारची गोकर्णं अजून कशी उठून दिसतायत? आता हे काम पुठ्ठ्याचं नाही. भर उजेडात शंकूपेशी बघतात आणि 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पोपटी त्यांना सगळ्यात उजळ, अंधार पडला की दंडपेशी काम हातात घेतात आणि त्यांचा जोर 507 कडे, म्हणजे निळसर हिरव्यावर. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे 1825 मध्येच लिहून ठेवलंय.

खिडक्यांच्या पट्ट्या मात्र आम्ही शेवटी पांढऱ्या केल्या.